धर्मशाळेच्या ओसरीवरचे एकच खाते

आधी तारखा.

आषाढातला दुसरा सोमवार: प्रकाशा गावच्या धर्मशाळेच्या ओसरीवर भरलेल्या ज्येष्ठांच्या वर्गात सगळ्यांचे टॅबलेट एकाच ईमेल खात्यावर उघडण्यात आले. जबाबदार: प्रशिक्षक. मार्गशीर्षात सारंगखेड्याला यात्रेचे घोडे उतरू लागले त्या आठवड्यातला सोमवार: जपून कसे ठेवायचे हे न सांगता पुसून कसे टाकायचे हे शिकवण्यात आले. जबाबदार: तोच प्रशिक्षक, आणि धड्यांचा हा उलटा क्रम छापून देणारी त्याची संस्था. त्यापुढचा सोमवार: तोंडी तक्रारीला बेजबाबदार उत्तर देण्यात आले. जबाबदार: पुन्हा प्रशिक्षक. यात्रा उठली तो दिवस: कोणालाही न विचारता खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला. जबाबदार: संस्थेचे संचालक. तेव्हापासून आजपर्यंत: मौन. जबाबदार: दोघेही.

वर्गातल्या केळीवाल्या शेतकऱ्याला मी या यादीत मुद्दाम घेतलेले नाही. बोट त्याचे होते, पण अपराध त्याचा नव्हता. हा भेद मला करता येतो, कारण शहाद्याला कचेरीबाहेर अर्जलेखक म्हणून मी आयुष्य काढले आणि लोकांच्या तक्रारी कायद्याच्या भाषेत मांडल्या. स्वतःसाठी अर्ज लिहायची वेळ मात्र टॅबलेटने आणली.

वर्गात जाण्याचा हट्ट माझ्या थोरल्या बहिणीचा. ती प्रकाशाला राहते. संस्थेने टॅबलेट फुकट वाटायचे जाहीर केले तेव्हा तिने मला फोन केला. “भाऊ, तू मन्हासंगे चाल. मी एकली गई तर तो मास्तर मले अंगठाबहाद्दर समजी.”

“तू अंगठाबहाद्दर आहेसच,” मी म्हणालो.

“म्हनीसनच तुले बलावी ऱ्हायनू ना. तू लिही घे, मी शिकी घेसू.”

तसेच झाले. मी लिहून घेतले आणि ती शिकली. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाने मला “आजोबा” म्हणून हाक मारली. मी त्याला सांगितले, की मी आपला आजोबा नाही, आपला विद्यार्थी आहे आणि विद्यार्थ्याला काही हक्क असतात. तो हसला. मग त्याने एकेकाचा टॅबलेट हातात घेतला, प्रत्येकात तेच ईमेल आणि तोच पासवर्ड भरला. मी विचारले, हे खाते कोणाचे?

“सगळ्यांचं, आजोबा. एकेकाचं वेगळं काढत बसलो तर इथेच संध्याकाळ होईल.”

मला त्याच क्षणी उठून हरकत नोंदवायला हवी होती, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर असे, की एकाच खात्याचा अर्थ काय होतो हे सांगण्याचे कर्तव्य ज्याला ठाऊक होते त्याचे होते. अर्थ असा होतो: कोणीही फोटो काढला की तो सगळ्यांच्या टॅबलेटमध्ये दिसतो. हा नियम आम्हाला प्रशिक्षकाने सांगितला नाही, केळीवाल्या शेतकऱ्याने शोधून काढला.

हा माणूस तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी. त्याने टॅबलेट घेतला तो आपल्या बागेतल्या घडांचे फोटो ठेवायला. पुढच्या सोमवारी तो माझ्याजवळ आला आणि डोळे मिचकावत म्हणाला, “दादा, मन्हा टॅबलेटमा मन्ही केयी थोडी आणि तुमनी बहीन जास्त शे. मन्ही बायको इचारी ऱ्हायनी, हाई बाई कोन?”

माझी बहीण मागून ओरडली, “सांग तिले, तुन्ही मावशी शे! आणि तुन्हा केयीना घड मले रोज दखाडस, एक तरी घरी धाड ना!”

ओसरीवर हशा पिकला. प्रशिक्षकही हसला. हसण्याऐवजी त्याने त्या दिवशी एकाच खात्याच्या धोक्याबद्दल दोन वाक्ये बोलायला हवी होती. ती त्याने बोलली असती तर हे प्रकरण लिहिण्याची मला गरज पडली नसती.

श्रावणात कानबाई बसली. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात आणि नैवेद्याचे रोट करतात. चौरंगावरच्या देवीपुढे बायका गाणी म्हणतात. ती एकटीने म्हणायची गाणी नव्हेत. एकीने ओळ टाकायची आणि दुसरीने ती झेलून पुढे न्यायची. माझ्या बहिणीच्या घरी ओळ टाकणारी ती, आणि झेलणारी तिची धाकटी जाऊ, तिच्या बोलीत देरानी. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून दोघी तशाच गात आल्या. भांडणे झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण कानबाईपुढे दोघी एकाच सतरंजीवर. त्या रविवारी बहिणीने टॅबलेट धान्याच्या कोठीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ सुरू केला. मी तिथे हजर होतो. जाऊबाई गाता गाता मध्येच थांबून म्हणाल्या, “जेठानी, हाऊ डबा आपलेसकडे दखी ऱ्हायना, मले लाज वाटस.” तेही त्यात आले.

दसऱ्याच्या आधी जाऊबाई गेल्या. आजार थोडक्या दिवसांचा होता.

त्यानंतर माझी बहीण रोज दुपारी जेवण उरकले की टॅबलेट उघडून बसे. व्हिडिओत ओळ टाकणारा आवाज तिचाच होता, तरी ती स्वतः पुन्हा ओळ टाकी आणि मग गप्प राही. पुढची ओळ टॅबलेटमधून येई. मी एकदा विचारले, रोज तेच ते काय ऐकतेस? ती म्हणाली, ऐकत नाही, गाते.

मग घोडे उतरले त्या आठवड्यातला तो सोमवार. धड्याचे नाव होते ‘जागा रिकामी करा’. प्रशिक्षक खडूसारख्या कोरड्या आवाजात म्हणाला, “जागा भरली की टॅबलेट संथ होतो. जे आपल्या कामाचं नाही ते निवडायचं आणि पुसायचं. घाबरायचं नाही.”

केळीवाला घाबरला नाही. केळीच्या बुडाशी पिले फुटतात, ती वेळेवर कापली नाहीत तर मूळ झाडाचा घड पोसत नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक. त्याने आपले घड ठेवले आणि बाकीचे सगळे, जे त्याच्या बागेतले नव्हते ते, साफ केले. अत्यंत आज्ञाधारकपणे, शिकवल्याबरहुकूम. त्याच्या समजुतीने तो आपल्या टॅबलेटमधले पुसत होता. खाते एकच असल्यामुळे ते सगळ्यांच्या टॅबलेटमधून पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. आवाज अगदी हळू होता. “भाऊ, मन्हा टॅबलेटमा ती नही.”

मी समजलो नाही. “कोण नाही?”

“देरानी. कालदिन व्हती. आज नही. घड शेतस.”

पुढच्या सोमवारी मी वर्गात उभा राहिलो आणि प्रशिक्षकाला सर्व हकिकत क्रमाने सांगितली. माझी बहीण शेजारी बसली होती. केळीवाला टोपी हातात घेऊन खाली बघत होता. प्रशिक्षकाने घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “डिलीट झालं म्हणजे गेलं, आजोबा. आजींना सांगा, परत गायचं, परत रेकॉर्ड करायचं. सिंपल आहे.”

माझी बहीण त्याच्याशी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचे बोलली. “मी गासू रे पोऱ्या. पन झेली कोन?”

त्याला प्रश्नच कळला नाही. यात्रा उठली तशी संस्थाही उठली. ‘कार्यक्रम पूर्ण झाला’ म्हणून पासवर्ड बदलला गेला आणि सगळ्यांचे टॅबलेट आम्हालाच पासवर्ड विचारू लागले. काही दिवसांनी रंगीत प्रमाणपत्रे आली. माझी बहीण डिजिटल साक्षर झाल्याचे त्यात प्रमाणित केले आहे. तिने ते पापडाच्या डब्याखाली अंथरले.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. कोणाच्याही मदतीशिवाय मी स्वतःचे खाते उघडले. त्याला एक अख्खी दुपार लागली आणि ती सत्कारणी लागली. पासवर्ड मी स्वतः ठरवला, कोणाला सांगितला नाही. मग टॅबलेटमधली ‘मदत’ ही पाने मी कायद्याचे पुस्तक वाचावे तशी वाचली, एक शब्द न गाळता. आणि तिथे, साध्या मराठीत, लिहिलेले सापडले: पुसलेला फोटो किंवा व्हिडिओ लगेच नाहीसा होत नाही. तो त्या खात्याच्या कचरापेटीत ठरावीक मुदतीपर्यंत पडून राहतो. कचरापेटी उघडायची, हवी ती वस्तू निवडायची, ‘परत आणा’ दाबायचे. ती जागेवर येते.

ते मी ओळीखाली बोट ठेवून पुन्हा एकदा वाचले. म्हणजे ज्या सोमवारी मी त्या ओसरीवर उभा होतो त्या सोमवारी जाऊबाईंचा आवाज तिथेच होता. प्रत्येकाच्या मांडीवर होता, प्रशिक्षकाच्या हातातही होता. त्याने घड्याळाकडे पाहण्याऐवजी कचरापेटी उघडली असती तर माझी बहीण त्याच दुपारी गायली असती. त्याला माहीत नव्हते, तर त्याने शिकवायला बसू नये. आणि माहीत होते, तर मग माझ्याकडे त्यासाठी सभ्य शब्द नाही.

नवशिक्यांना काय शिकवावे, हे आता मी सांगतो. खाते ज्याचे त्याचे असावे. पासवर्ड दुसऱ्याने भरू नये. मोलाच्या वस्तूची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवल्याशिवाय काहीही पुसू नये. पुसण्याचा धडा द्यायचाच असेल तर कचरापेटीचा धडा त्याच्या आधी द्यावा. अक्षर मोठे कसे करावे, चार्जर कसा लावावा, हे सगळे मागाहून चालेल. यात काही अवघड नाही. हे सांगायला संचालक लागत नाही.

त्या जुन्या खात्याचा पासवर्ड मागणारी पत्रे मी संचालकांना पोचपावतीसह पाठवली. पोचपावत्या आल्या, उत्तरे आली नाहीत. एकदा फोन लागला. पलीकडून सांगण्यात आले, की प्रशिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात गेले आणि पासवर्ड ‘पाहावा लागेल’. त्यानंतर फोन उचलला गेलेला नाही. संक्रांत होऊन गेली. कचरापेटीची मुदत संपत आली आहे, कदाचित आजच संपत असेल.

केळीवाला मधल्या काळात बहिणीच्या घरी येऊन गेला. घड घेऊन आला होता, अख्खा. दारातच उभा राहिला. बहीण म्हणाली, “मधमा ये रे, तुन्ही मावशी शे ना मी.” तो आत आला, बसला, आणि घड त्याने धान्याच्या कोठीजवळ ठेवला.

म्हणून ही माझी मागणी. ती मी खासगी पत्रात आता करत नाही. खात्याचा पासवर्ड आज कोणाजवळ आहे? कचरापेटी रिकामी झाली आहे की नाही? झाली नसेल तर संचालकांनी स्वतः येत्या सोमवारी प्रकाशाच्या त्याच ओसरीवर यावे, त्याच लोकांसमोर खाते उघडावे आणि ‘परत आणा’ दाबावे. मुदत संपली असेल, तर तेही त्यांनी तिथेच, माझ्या बहिणीच्या समोर उभे राहून, आपल्या तोंडाने सांगावे. टपालाने नको, फोनवर नको. वर्गाच्या वेळेला आम्ही सगळे ओसरीवर हजर राहू, आणि बहिणीच्या मांडीवर तो टॅबलेट चार्ज करून ठेवलेला असेल.