आढीतली मोटारसायकल

मोटारसायकल ही पिकवायची वस्तू आहे असे मानणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. रत्नागिरीजवळच्या पावस गावी आतोबांची हापूसची शे-सव्वाशे कलमे आहेत. फळ नुसते तळहातावर तोलून आत साका आहे की नाही हे सांगणारा माणूस म्हणून त्यांचे नाव तालुकाभर आहे. साका हा हापूसचा गुप्त रोग. वरून फळ सोन्यासारखे, वास घरभर दरवळणारा, आणि कापले की आत पांढुरका, आंबट चोथा. आतोबांना हा साका प्रत्येक गोष्टीत असेल अशी शंका येते. पुढाऱ्याच्या भाषणात, पंपावरच्या पेट्रोलमध्ये, गोऱ्यापान नवरदेवात. माझी पहिली कथा त्यांनी वाचली, कागद तळहातावर घेऊन थोडा वेळ तोलले आणि "वरून बरी आहे" एवढेच म्हणून परत दिले. त्या कथेत काय बिघडले आहे ते मी अजून शोधतो आहे.

मोटारसायकल त्यांनी घेतली ती आत्यासाठी. निदान ते तसे म्हणत. आत्या मूळची मंडणगडकडची. शाळेत असताना तिने विजापूरच्या गोलघुमटाचा धडा वाचला होता. तिथल्या सज्जात एकदा बोललेले सात वेळा ऐकू येते, हे त्या धड्यातले वाक्य तिच्या मनात जे बसले ते बसलेच. "या घरात माझं बोलणं एकदासुद्धा कुणाच्या कानात शिरत नाही," ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "तिथे सात वेळा ऐकू येतं म्हणे. मला एकदा जाऊन बोलायचंय." लग्न झाल्या झाल्या आतोबांनी तिला नेतो म्हणून शब्द दिला. मग कलमे लावायची होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग दर वर्षी मोहोर, फवारणी आणि तोड. असे करता करता आतोबांना बावन्नावे वर्ष लागले, आणि नंबर लावून दोन वर्षे वाट पाहिल्यावर एके दिवशी पडवीत एक काळी, धिप्पाड, साडेतीनशे सीसीची गाडी येऊन उभी राहिली. लांबच्या प्रवासाला हीच, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तोपर्यंत आतोबांनी सायकलीखेरीज काहीही चालवले नव्हते.

माझे लहानपण वडिलांच्या युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेले. त्यामुळे गावोगाव एसटी जात असताना एका माणसाने एवढे लोखंड स्वतःसाठी घेऊन बसणे मला तत्त्वतः मान्य नव्हते, आणि गाडीचा पेढा खाता खाता मी ते त्यांना स्पष्ट सांगितले. सामुदायिक वाहतुकीवर मी बराच वेळ बोललो असेन. आतोबांनी शांतपणे ऐकून घेतले. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, "आता उतर खाली. स्टँडला तेल लावायचंय." मी त्या गाडीवर कधी जाऊन बसलो होतो, हे मलाच कळले नव्हते.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. घरात कॉलेजात जाणारा मीच, म्हणून ती वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. त्यात 'रनिंग-इन' नावाचे प्रकरण होते. पहिले दोन हजार किलोमीटर गाडी चाळीसच्या वर नेऊ नये, ओझे घालू नये, नवे भाग एकमेकांवर घासून सावकाश बसू द्यावेत. आतोबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि इंजिनाकडे अशा मायेने पाहिले की जणू ओळख पटली. "म्हणजे आढी," ते म्हणाले. आता आढी म्हणजे कच्चा आंबा पेंढ्यात थरावर थर रचून पिकत घालतात ती. मी त्यांना इंजिन आणि आंबा यांतला फरक समजावू लागलो. त्यांनी ऐकले आणि विचारले, "घाई केली तर आतून बिघडतं ना? बाहेरून कळत नाही ना? सावकाश ठेवलं तर नीट होतं ना?" तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'हो' अशीच होती.

त्या दिवसापासून 'गाडी आढीत आहे' हे वाक्य पावसपासून रत्नागिरीपर्यंत सगळ्यांना पाठ झाले. मुंबईहून सुटीवर आलेल्या एका पाहुण्याने ते शब्दशः घेतले आणि आढीच्या खोलीत जाऊन पेंढा वरखाली केला. तिथे गाडी नव्हती, पण दोन ट्यूब, एक क्लचची केबल आणि तीन स्पार्क प्लग मात्र पेंढ्यात नीट रचून ठेवलेले सापडले. "रबर मऊ राहतं," आतोबा म्हणाले. रोज सकाळी ते एकेक वस्तू काढून हुंगायचे आणि उलटी करून परत ठेवायचे. इंजिनातले तेलही ते वासावरून बदलायचे. पुस्तिकेत त्यासाठी किलोमीटर दिलेले आहेत असे मी सांगितले, तर म्हणाले, "पुस्तकाला नाक आहे का?"

यातून एक नियम निघाला आणि त्यानेच सगळा घोटाळा केला. पिकत आलेल्या आढीत नवे कच्चे फळ घातले, तर दिवस त्या कच्च्या फळापासून मोजायचे. म्हणून गाडीला एखादा नवा भाग बसला की दोन हजार किलोमीटर पुन्हा पहिल्यापासून. आणि नवे भाग बसवणे काही थांबेना. लांबच्या प्रवासासाठी त्यांनी एका जुन्या ट्रकचा भोंगा मिळवला, मग त्याला झेपेल अशी मोठी बॅटरी बसवली. दवाखान्याच्या पाटीच्या पारदर्शक प्लास्टिक पत्र्याची वाऱ्याची काच केली. तिच्यावरची अक्षरे पुसली गेली नव्हती, त्यामुळे समोरून येणाऱ्याला आतोबांच्या छातीवर 'वेळ सकाळी ९ ते १' असे दिसे. सामानासाठी दोन्ही बाजूंना आंब्याच्या लाकडी पेट्या लोखंडी पट्ट्यांनी आवळल्या. तेव्हापासून मे महिन्यात बाजारात ते थांबले की लोक पेट्यांवर वाकून विचारत, "हापूस आहे की पायरी?" आतोबा म्हणत, "पाना आणि पकड."

नाक्यावरच्या मिस्त्रीने या नियमापुढे हात टेकले होते. एकदा माझ्यादेखत त्याने किलोमीटरच्या आकड्यांवर बोट ठेवले. "अहो काका, झाले की दोन हजार! आता बाईंना घेऊन जा कुठे ते."

"ते जुन्या कार्बोरेटरचे झाले. नव्याचे आजपासून."

"नवा कुठाय? तुम्ही तो नुसता खोलून पुसलात!"

"हात लागला ना?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तिकेकडे पाहिले. पुस्तिकेत याबद्दल काही नव्हते.

एवढे सगळे झाले तरी आत्या मागच्या सीटवर एकदाही बसली नव्हती. ओझे घालू नये असे पुस्तिकेत होते, आणि ते वाचून दाखवणारा मीच होतो. मग एका सकाळी आतोबांनी मला सायकल घेऊन बोलावले. मागच्या सीटवर त्यांनी तांदळाचे पोते सरळ उभे बांधले होते. "तुझ्या आत्याच्या वजनाचं आहे," ते हळूच म्हणाले, "तू मागून ये आणि वळणावर कसं बसतं ते बघ." आम्ही निघालो. गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, पोते उत्तम बसले होते. भाट्याच्या पुलाकडे उतरताना वळणावर एक म्हैस आडवी आली, आतोबांनी ब्रेक दाबला, आणि पोते दोरीतून निसटून धप्पकन रस्त्यावर आपटले आणि उसवले. मला हसू आवरेना. आतोबा हसले नाहीत. गाडी कडेला लावून ते तिथेच रस्त्यात बसले आणि लाल मातीतला तांदूळ दोन्ही हातांनी गोळा करू लागले. तांदूळ बोटांतून गळून पुन्हा मातीत पडत होता.

"आत्याला सांगू नको," ते म्हणाले.

"पोत्याचं?"

"कशाचंच."

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटला लोखंडी पाठ आली. आठवड्याने दोन्ही बाजूंना धरायच्या कड्या आल्या, मग पाय ठेवायला रुंद पट्टी, मग एक कातडी पट्टा. आणि दर वेळी मोजणी शून्यापासून. मला वाटले, हा टाळाटाळीचा कळस आहे. एका बाईच्या आयुष्यातली एकुलती एक इच्छा यंत्रापायी अडवून ठेवली जाते, आणि आपण हसत बसायचे? मी एका रात्रीत... नाही, खरे म्हणजे एका दुपारीच, 'आत्याच्या तीन मागण्या' असे पत्रक लिहिले आणि पडवीच्या खांबाला चिकटवले. आतोबांनी त्यातली एक वेलांटी सुधारली आणि खालच्या मोकळ्या जागेत त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवले. आत्याने मात्र ते पूर्ण वाचले.

"मेल्या, माझ्या मागण्या मला कधी विचारल्यास?" ती म्हणाली. मी ओशाळलो. ती गाडीकडे वळली. मग म्हणाली, "विजापूरला जायचं तर कोल्हापूरची एसटी किती वाजता असते रे?"

मला वाटले होते, आतोबा भांडतील, निदान अडवतील. तसे झाले असते तर मला बोलायला मुद्दे होते. पण ते मला गोठ्यामागे घेऊन गेले आणि म्हणाले, "तिथे पुष्कळ जिने आहेत म्हणे. तिचे गुडघे दुखतात. एका दमात चढवू नको. आणि एसटीत खिडकीकडे बसव, नाहीतर तिला मळमळतं." ते तिला पोचवायला स्टँडवर आले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते पाठमोरे बसून चेन पुसत होते. आत्यानेही वळून पाहिले नाही. मी जिंकलो होतो, पण नेमका कोणाविरुद्ध ते उमगत नव्हते.

विजापूरला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. गोलघुमटाचे दगडी जिने अरुंद आणि उंच. आत्या प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून थांबत होती. वर सज्जात पोचलो तर कुठल्याशा शाळेची सहल आलेली. पोरे शिट्ट्या मारत होती, मास्तरांच्या नावाने ओरडत होती, आणि सगळा घुमट त्या कल्लोळाने भरून गेला होता. आत्या पदर सावरून भिंतीशी बसून राहिली. सहल खाली उतरायला बराच वेळ लागला. मग ती उठली.

"तू पलीकडे जा," ती म्हणाली, "पण ऐकू नको."

"मग जाऊ कशाला?"

"पलीकडे कुणीतरी पाहिजे ना."

मी अर्धा घुमट फिरून पलीकडे गेलो आणि तत्त्व बाजूला ठेवून दगडाला कान लावला. तीस वर्षांची तक्रार आता ऐकायला मिळणार, अशी माझी खात्री होती. तिच्यावर एक लेख लिहायचेही मी मनात ठरवले होते. समोर, खूप लांब, आत्या एवढीशी दिसत होती. तिने भिंतीकडे तोंड केले आणि रोज माजघरातून म्हणते तसे, त्याच सुरात म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

दगडातून ते माझ्या कानाशी आले, घुमटभर फिरले, पुन्हा आले, पुन्हा आले. शेवटचे विरून गेल्यावरही ती तशीच उभी होती. कोणी 'काय गं' म्हणेल म्हणून थांबावे तशी. 'काय गं' मी म्हणणे शक्य नव्हते. पुढे ती काहीच बोलली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "चल, खाली उतरू या. त्यांनी जेवण काय केलं असेल कोण जाणे."

परतीची एसटी रत्नागिरीला दुपारी पोचली. स्टँडवर आतोबा उभे होते. आम्ही कोणत्या गाडीने येऊ हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. चहाच्या टपरीवाल्याने नंतर मला सांगितले की कालपासून कोल्हापूरची प्रत्येक गाडी ते बघून जात होते.

"येतो का आवाज?" त्यांनी विचारले.

"येतो की."

"काय बोललीस?"

"तिथे काय बोलायचं असतं? आपलं काहीतरी." आणि आत्याने माझ्याकडे असे पाहिले की मी दोन्ही पिशव्या उचलून नुसता उभा राहिलो. पुढे आतोबांनी मला एकट्याला गाठून हाच प्रश्न दोनदा विचारला आहे. मी दोन्ही वेळा विषय बदलला. खरे सांगणे हे माझे तत्त्व आहे, पण हे सांगायचा हक्क माझा आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या दुपारी त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने मागची सीट पुसली, एकदा, मग पुन्हा एकदा. "बस," ते म्हणाले.

"आढीत आहे ना ती?"

"असू दे."

आत्या बसली. पट्टा कसा बांधायचा ते त्यांनी तिला दाखवले, कड्या दाखवल्या. तिने कड्या धरल्या नाहीत, त्यांचा खांदा धरला. गाडी सुरू झाली आणि स्टँडबाहेर निघाली, इतकी सावकाश की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. पिशव्या घेऊन मी मागे उभा राहून बघत होतो. थोडे अंतर गेले की आतोबांचा डावा हात हँडल सोडून मागे जायचा, ती आहे ना हे चाचपायचा, आणि परत हँडलवर यायचा. वळणापर्यंत मला तो हात दिसत होता.