हासिल की हातचा

भिंतीवर घोषणा आखताना बोटांना खडूची पूड लागली की आमचे गणिताचे मास्तर दिसतात. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादच्या आमच्या शाळेत उर्दू जाऊन मराठी आली, आणि मास्तरांना ठेवायचं की काढायचं ते ठरवायला एक साहेब वर्गात येऊन बसले. मास्तर गंगापूरचे, मराठी आपल्यासारखीच बोलत. पण गणित शिकले होते उर्दूत. फळ्यावर गुणाकार मांडून म्हणाले, "आठ साती छप्पन्न, सहा लिहिले, हासिल पाच." मी मागून ओरडलो, "हासिल नाय मास्तर, हातचा म्हणा!" वर्ग हसला. "व्हय बाबा, हातचा..." म्हणाले आणि थांबले. शब्द सापडला, पण हातचे पाच डोक्यातून गेले. पुन्हा मांडलं, पुन्हा मी टोकलं, पुन्हा ते पाच हरवले. "यांना साधा गुणाकार येत नाही," साहेब म्हणाले. साफ खोटं! मला गुणाकार त्यांनीच शिकवला होता. उठून तेवढं सांगायचं होतं, मी बसून राहिलो. सोमवारी मास्तर आले नाहीत, नंतरही नाहीत. मी अजून मराठीसाठीच पत्रकं लिहितो, त्याची लाज नाही, पण सभेत कुणी अडखळला आणि आमचीच पोरं "मराठीत बोला!" म्हणून ओरडली, की माझी मान वर होत नाही.