दुसरा ब्रेक

तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं, कारण हे नाव तिने कमावलेलं होतं. मोटार शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा. नवखा माणूस स्टिअरिंगला हात लावतो तो या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर. ब्रेकबाईचा पाय इतका अलगद आणि इतका आधी पडायचा, की शिकणाऱ्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. नवरा गेल्यापासून ती एकटीच शिकवत होती आणि इतक्या वर्षांत गाडीवर साधा ओरखडा नव्हता. शिकणाऱ्यांच्या मनावर असतील, तर ते तिने कधी मोजले नाहीत.

कारण जिभेला हाड नाही. गाडीत बसलं की सगळे 'तू', मग तो शिपाई असो की सर्जन. "आरसे काय भांग पाडायला दिलेत तुला?" "गिअर आहे तो, कढईतलं उलथणं नाही!" पण माणसं ऐकून घ्यायची. पाय चोख असला की तोंड खपून जातं.

घरात ती आणि सून. मुलगा नोकरीच्या गावी. तो मधूनच उगवायचा, दोघींची गाऱ्हाणी या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचा आणि पहिल्या गाडीने परत फिरायचा. सासूच्या लेखी सून म्हणजे फोनला चिकटलेली गोचीड. सुनेच्या लेखी सासू म्हणजे हॉर्न, नुसता वाजतो, वळण दाखवत नाही. दोघी एकमेकींना पाण्यात पाहत, पण एकाच टेबलावर जेवत, कारण घरात टेबल एकच होतं.

मग चौकात मोटार शिकवण्याची नवी शाळा आली. सहा गाड्या, काचेचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्रं घातलेले तरणे शिक्षक. ब्रेकबाईची सकाळची वेळ ओस पडली, मग संध्याकाळची.

"आई, चॅनल काढू या," सून म्हणाली. "गाडीत कॅमेरा लावायचा. तुम्ही शिकवा, मी व्हिडिओ टाकते. लोक बघतील, मग शिकायला येतील."

"मी काय नाटकात काम करते का?"

"घरात तर रोज करता. जरा गाडीत करा."

पहिले व्हिडिओ अगदी सभ्य निघाले. 'क्लच म्हणजे काय' हा विषय ब्रेकबाईने इस्त्री केलेल्या आवाजात समजावून सांगितला. बघणारे कोण, तर सुनेचे दोन भाऊ, सून स्वतः आणि चष्मा लावून लावून ब्रेकबाई. पालथ्या घड्यावर पाणी. सुनेने नावं बदलली, चित्रं बदलली, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींपुढे नाक घासलं. बघणाऱ्यांचा आकडा हलेना.

हलला तो एका खाटिकाच्या पोरामुळे. फळांच्या हातगाडीकडे तो सरळ निघाला, ब्रेकबाईने पाय दाबला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "डोळे कुठे गहाण टाकून आलास? केळी घ्यायची तर उतरून घे, गाडी कशाला नेतोस!" सुनेने तेवढाच तुकडा कापून टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी न पाहिलेल्या गावांनी. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'बाई, आम्हालाही रागवा.' 'माझी आई अशीच होती.' 'आज शिव्या कमी पडल्या.'

ब्रेकबाईने "रिकामटेकडे मेले" म्हणत सगळं वाचून काढलं आणि मग पुन्हा वाचलं.

शिकायला माणसं आली. चित्रण करू देईल त्याला दोन धडे फुकट, अशी सुनेने टूम काढली होती. सकाळ भरली, संध्याकाळ भरली. बाजारात लोक थांबवून म्हणू लागले, "बाई, एक शिवी द्या ना." ती द्यायची. हरभऱ्याच्या झाडावर चढायला वयाची अट नसते.

पण बघणाऱ्यांचं पोट कधी भरतं का? त्यांना आता रागवण्याचाही कंटाळा आला. 'नेहमीचंच.' 'काही होण्याआधीच बाई ब्रेक मारतात, मजा येत नाही.' 'पायांकडेही कॅमेरा लावा.' सुनेने पायांशी कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत बसवलं. आकडा तरी उतरतच राहिला.

"आई, राग येऊ देऊ नका," सून जेवताना म्हणाली, म्हणजे राग येणार हे ठरलेलंच. "तुम्ही ब्रेक फार लवकर दाबता. लोकांना काही दिसतच नाही."

"दिसू नये म्हणूनच दाबते ना, शहाणे!"

"मग बघायचं काय? तुमचं कौतुक?"

काही न घडणं हेच ज्या कामाचं कसब, ते लोकांना दाखवायचं तरी कसं? तिने ताट सरकवलं आणि उठली. पण ते बोलणं तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. पुढच्या धड्यांना तिचा पाय किंचित उशिरा पडू लागला. गाडी जरा जास्त हिसका देऊ लागली, शिकणारे किंचाळू लागले. आकडा वर सरकला. सून गप्प राहिली, सासूही. या एका बाबतीत दोघींचं पहिल्यांदाच जमलं होतं.

त्याच सुमारास पोस्टातल्या बाई आल्या. चाळिशीच्या, कोरडं बोलणाऱ्या. बदली झालेली गावाबाहेरच्या ऑफिसात, जिथे बस जात नाही. गाडी शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चौकातल्या शाळेत दोन महिने जागा नव्हती.

"मी रागावते," ब्रेकबाईने सुरुवातीलाच सांगितलं.

"रागवा. काउंटरवर दिवसभर लोकांचंच ऐकते. तुमचं एक वाढीव."

ब्रेकबाईला बाई आवडली आणि म्हणूनच तिने तिला जास्त झोडपलं. पोस्टातल्या बाईही उलट टोमणे मारायच्या. बघणारे खूश. मग एका दुपारी दोघी पाण्याच्या टाकीच्या चढावर गेल्या. चढाच्या पायथ्याशी लाकडाची वखार आहे, तिच्या फाटकाजवळ रखवालदार स्टूल टाकून बसतो. चढावर गाडी थांबवून परत सुरू करणं हा शिकाऊ माणसाचा काळ. ब्रेकवरून पाय काढला आणि क्लच नीट धरला नाही, की गाडी मागे घसरते. ब्रेकबाईने हा धडा हजारदा दिला होता. गाडी तसूभर हलायच्या आत तिचा पाय पडलेला असायचा.

पोस्टातल्या बाईंनी ब्रेक सोडला. क्लच हुकला, इंजिन आचके देऊन बंद पडलं, घाबरून त्यांनी क्लचच दाबून धरला आणि गाडी मागे निघाली.

ब्रेकबाईने थोडं थांबायचं ठरवलं. थोडंच. किंकाळी येऊ दे, मग दाबू. किंकाळी आली. ती अजून थांबली. तिच्या पायाला आधी पडायची सवय होती, नंतर पडायची नव्हती. नेमका क्षण कुठला ते त्याला कळेना. दाबला तेव्हा गाडी वखारीच्या फाटकात घुसली होती.

दोघींना काही लागलं नाही. खाली उतरून पाहिलं तर मागच्या बंपरखाली रखवालदाराच्या स्टुलाची काडी काडी झाली होती. रखवालदार घोटभर पाणी प्यायला आत गेला होता. तांब्या हातात घेऊन तो बाहेर आला आणि स्टुलाकडे पाहत उभाच राहिला.

कॅमेरा चालू होता आणि ब्रेकबाईच्या तोंडाला एकच वाट ठाऊक होती. "ब्रेक कुठे घालवलास तुझा?" ती कडाडली. "माणूस मारला असतास! डोकं पोस्टाच्या पेटीत टाकून आलीस का?"

पोस्टातल्या बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. या वेळी त्यांनी उलट टोमणा मारला नाही. "चुकलं," त्या म्हणाल्या. रखवालदारालाही म्हणाल्या, "चुकलं हो."

व्हिडिओ तसाच्या तसा चॅनलवर गेला. आजवर कुठलाच एवढा चालला नव्हता. लोक पोट धरून हसले. पोस्टात तिकिटं घ्यायला आलेली पोरं पोस्टातल्या बाईंना विचारू लागली, "बाई, ब्रेक सापडला का?"

हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'कोपऱ्यातली चौकट बघा. गाडी धडकेपर्यंत बाईंचा स्वतःचा पाय हललाच नाही.'

मग सगळ्यांनी पाहिलं. ब्रेकबाईनेही फोन नाकाला लावून पाहिलं. लहानशा चौकटीत तिची काळी चप्पल चटईवर आरामात पसरली होती. वर किंकाळी आणि खाली ती चप्पल. काल 'बाई ब्रेक लवकर मारतात' म्हणून रडणारे आज 'बाईंना तुरुंगात घाला' म्हणू लागले. आकडा आणखी वर गेला.

"तू मुद्दाम ठेवलीस ती चौकट!" ब्रेकबाई सुनेवर धावून गेली.

"प्रत्येक व्हिडिओत असते ती. आणि हो, पाय मी पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय तुमचा. मला वाटलं, तुम्ही बोलाल."

"तूच म्हणालीस ना, उशिरा दाबा!"

"चोराच्या उलट्या बोंबा. लवकर दाबता एवढंच म्हणाले मी, आई. दाबूच नका असं नव्हते म्हणाले." सून उठली आणि दार लावून घेतलं. दाराआडून तिचा आवाज आला, "आणि त्या बाईला नावं मी नाही ठेवली."

सकाळची वेळ ओस पडली. संध्याकाळचे लोक फोन उचलेनात. गाडी मागचं चेपलेलं अंग घेऊन दारात उभी राहिली. इतक्या वर्षांची पुण्याई त्या एका चपलेखाली गेली होती. आता शेजारी बसायला कोणी तयार होईल का, एवढाच प्रश्न उरला होता.

एका दुपारी फाटक वाजलं. पोस्टातल्या बाई.

"माझे धडे उरलेत."

ब्रेकबाईने मुकाट्याने किल्ली काढली. नेहमीसारखी शिकवणाऱ्याच्या सीटकडे गेली, तर पोस्टातल्या बाईंनी दार धरलं.

"इथे मी. तुम्ही तिकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी तुम्ही चालवायची. चला, टाकीकडे."

ब्रेकबाईने गाडी टाकीकडे नेली. चढाच्या मध्यावर पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "थांबवा. आता गिअर काढा आणि ब्रेक सोडा. हँडब्रेकला हात लावायचा नाही. दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. मी दाबेन."

"कधी?"

"मला वाटेल तेव्हा."

ब्रेकबाईने आरशात पाहिलं. खाली वखारीचं फाटक होतं. रखवालदार नव्या स्टुलावर होता. गाडी ओळखून तो उठला आणि स्टूल उचलून फाटकाच्या आत गेला. ब्रेकबाईने पाय उचलला, गाडी जराशी सैल झाली आणि तिने धाडकन आपलाच ब्रेक दाबला.

"माझा पाय ब्रेकवरच होता," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "बघा खाली."

होता. नुसता ठेवलेला नव्हे, दाबायच्या बेतात.

"नाही बसला ना भरवसा?"

"नाही," ब्रेकबाई म्हणाली. मग म्हणाली, "चुकलं माझं."

"इथे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. पोरं मला काउंटरवर विचारतात, त्यांना सांगा." त्यांनी पुढच्या काचेवरचा कॅमेरा उपटून मांडीवर ठेवला. "हा नको. माझं तोंड सगळ्यांनी बघितलंय. पायाशी आहे तो राहू दे. आता तुमचा पाय बघू दे लोकांना. रोज, अख्खा धडा, एक क्षण न कापता. मीही घरी जाऊन बघणार आहे. चप्पल चटईवर दिसली की दुसऱ्या दिवशी मी येणार नाही."

"असलं कोण बघणार?"

"ते तुमच्या सुनेचं डोकं. मला परवाना हवाय."

ब्रेकबाईने तोंड उघडलं, मिटलं आणि सीट बदलायला उतरली. दारातून आत बसताना म्हणाली, "आरसे नीट करून घ्या." पोस्टातल्या बाईंनी करून घेतले. क्लच पुन्हा हुकला. गाडी तसूभरही मागे गेली नाही.

सुनेने तो व्हिडिओ नाक मुरडून टाकला. सुरुवातीला काळ्या पडद्यावर ब्रेकबाईचा आवाज होता, इस्त्री न केलेला. "त्या दिवशी पोस्टातल्या बाई शिकत होत्या. शिकणाऱ्याचा ब्रेक हुकतोच. हुकवायचा नव्हता तो मी हुकवला. वखारवाल्याचा माणूस वाचला तो त्याच्या तहानेमुळे, माझ्यामुळे नाही." त्यानंतर नुसता पाय. काळी चप्पल ब्रेकच्या वर अधांतरी, मध्येच अलगद टेकणारी, पुन्हा उचललेली. अख्खा धडाभर.

लोक भराभर चॅनल सोडून गेले. जे राहिले ते खोड काढायला राहिले. चपलेची खोड, पायाची खोड, आवाजाची खोड.

"आई, बुडालं हे चॅनल," सून म्हणाली. "तुम्हीच वाचा काय लिहितात."

ब्रेकबाईने चष्मा लावला. पहिल्याच माणसाने लिहिलं होतं, 'फालतू. पूर्ण बघितला. काहीच घडत नाही.'

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"जेवायला वाढ," ती म्हणाली. "पोस्टातल्या बाई चारला येतील."