‘आशि’ म्हणणाऱ्या बाई

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या लायब्ररीत रविवारी दुपारी बंगाली सिनेमे दाखवतात. बायको गेल्यापासून मी तिथे जातो. घरात बसवत नाही, एवढंच कारण. शेजारच्या खुर्चीवर नेहमी एक वयस्कर बंगाली बाई असतात. मांडीवर कोट, मुठीत बडीशेप. पडद्यावरच्या सासूला त्या मधूनच दटावतात, "चूप करो ना बाबा!"

परवाच्या सिनेमात घराची वाटणी झाली. धाकटी सून ट्रंक घेऊन दाराशी आली आणि सासूला काहीतरी पुटपुटली. खाली इंग्रजीत उमटलं, मी जाते.

बाई माझ्याकडे वळल्या. "सबटायटल झूठ बोलता है. बहू 'आशि' बोला. मतलब, आता है. हमारे में 'जाता है' कोई नहीं बोलता."

"हमारे में भी नहीं," मी म्हणालो.

त्यापुढचा सिनेमा मला नीट दिसला नाही. ऑपरेशनला नेताना माझी बायकोही "येते हं" म्हणाली होती. ती आली नाही. तेव्हापासून हा शब्द मला सोसत नाही. कुणी निरोप घेतला की मी नुसती मान हलवतो.

दिवे लागल्यावर मी विचारलं, "फिर बहू वापस आई?"

"नहीं आया." बाई कोटाची बटणं लावत होत्या. "पर झूठ नहीं बोला. आने का मन था."

बाहेर त्यांची मुलगी गाडी घेऊन थांबली होती. दारातून वळून बाई म्हणाल्या, "आशि."

मी सवयीने मान हलवली. मग म्हणालो, "या."