दुसरी घागर

आखाजीच्या आदल्या दिवशी पिंप्राळ्याच्या बाजारात घागरींपाशी ही गर्दी. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं आमच्याकडं त्या सणाला पाण्यानं घागर भरतात. माझ्या शेजारी एक बाई उकिडवी बसून एकेक घागर बोटानं वाजवून बघत होती. वाजवायची, कान लावायची, मान हलवून खाली ठेवायची. हिला कुठंतरी पाहिलंय असं वाटलं, आणि आठवलं, मोबाइलवर. तिचा नवरा नरडाण्याला कामाला गेला तो परतलाच नाही. 'सरकार काय लपवतंय?' असं लाल अक्षरांत विचारणारे ते सगळे व्हिडिओ मी जेवताना चवीनं पाहिले होते. शेवटच्या व्हिडिओत तर त्याला मारून पुरलंही होतं.

तिनं एक घागर पसंत केली. मी पुढं होऊन दुसरी, चांगली भाजलेली उचलली. म्हटलं, "अक्का, मालकांच्या नावानं ही घ्या. सरकारात वरपासून खालपर्यंत सगळे मिळालेले आहेत हो."

तिनं माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"ही सासरानी शे, भाऊ. मालक हरायेल शेतस, मरेल नहीत." मग पदर खोचत म्हणाली, "सरकारनी लपाडं, सरकारनी मारं, बठ्ठा हाईच म्हणतस. मंग त्यासले धुंडस कोन?"

घागर कमरेवर घेऊन ती गर्दीत शिरली. घागरवाला माझ्याकडं बघत राहिला. तिच्या हरवलेल्या नवऱ्यासाठी मी निवडलेली घागर अजून माझ्याच हातात होती.