अळंबीचा फोटो आणि जांभळा कोट

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि अळंबीतलं मला सगळं कळत होतं. शाळेत तिसरीपर्यंतचंच कळलं (तेही एकाच बाकावर दोन वर्षं बसून!), पण अळंबीत मी पदवीधर!

आमच्या येळ्ळूरकडं अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. माझं अळंबी उगवायचं वारूळ बापानं मला मरताना सांगितलं. मीही पोराला मरतानाच सांगणार होतो, घाई नव्हती. चुलतभाऊ मारुती जन्मभर माझ्या मागावर. त्याला चकवायला मी मुद्दाम डोंगराकडनं वळसा घालून घरी यायचो. वारूळ मात्र आमच्या सामाईक बांधावर, त्याच्या नाकासमोर!

भादवा सरताना पिशवीभर अळंबी आणली, तर सून सुजाता चुलीपुढं आडवी उभी.

"आप्पा, फोटो बघून कुणीतरी वळखल्याबिगार मी शिजवणार न्हाय. इषारी असली तर?"

"मी वळखतोय की!"

"परवा माझ्या बहिणीला वळखला न्हाईसा! जमिनीत उगवलेलीचा फोटो आणा."

मी इरेला पेटलो. फोन घेऊन परत बांधावर! पहिल्या फोटोत अंगठा आला, दुसऱ्यात चप्पल, तिसऱ्यात नुसतं आभाळ. शेवटी चिखलात पालथा पडून झकास फोटो काढला. एकाचीच साक्ष कशाला? टाकला भावकीच्या ग्रुपवर! लिहिणं जमत नाही, म्हणून बोलून पाठवलं, "ही खायचीच अळंबी! खोटं ठरलं तर मिशी उतरवीन!"

सगळ्यांनी "व्हय, खायचीच" म्हटलं. सुजाता विरघळली. "आणलेली काळी पडली, आप्पा. वाटण करून ठेवते, उद्या ताजी आणा."

तेवढ्यात मारुतीचा निरोप आला, "अण्णा, अळंबी वळखली. मागचा कोट बी वळखला!"

फोटोत वारुळामागं माझं बुजगावणं उभं होतं. अंगात माझ्या लग्नातला जांभळा कोट! तसला कोट साऱ्या भावकीत एकच. (वरातीत लई हसलेती.) ज्या कोटाला पाखरं भ्याली, त्यानंच भावकी बोलावली!

दुसऱ्या दिवशी पहाटे धावत गेलो, तर सगळी भावकी बुट्ट्या घेऊन वारुळाभोवती वाकलेली.

"टाका ती! इषारी हाय!" मी ओरडलो.

मारुतीनं शांतपणे फोन काढला. माझाच आवाज शिवारभर घुमला, "ही खायचीच अळंबी!"

"आता इषारी म्हणतोस, तर मिशी उतरव की अण्णा! न्हायतर गप बस. बांध सामाईक, अळंबी बी सामाईक!"

मी मिशी राखली. अळंबी गेली.

रागानं बुजगावण्याचा कोट ओढून काढला, तर बुजगावणंच मोडून पडलं आणि पाखरांचा थवा भातावर उतरला. आता भात तरी सोडायचा? कोट अंगात घातला आणि बांधावर हात पसरून मीच उभा राहिलो.

मारुतीनं त्याचाही फोटो ग्रुपवर टाकला. तो मात्र सुजातानं कुणाला न विचारता ओळखला!