कडेच्या मागची जागा

१२ सप्टेंबर. संध्याकाळपर्यंत तेरवीची दीडशे कार्डं छापायची होती. सौसरात आमचं छपाईचं लहान दुकान आहे, त्यामुळे काम नवं नव्हतं. या वेळी कार्ड आमच्या मुलीचं होतं. सव्वीस वर्षांची, नागपूरला प्रोग्रामर, डेंग्यूनं पाच दिवसांत गेली. तरण्या माणसाचं कार्ड आमच्याकडे सहसा काढत नाहीत. पण नातेवाइकांना फोनवर सांगताना तिच्या बाबांच्या तोंडून शब्द निघेना, म्हणून काढायचं ठरलं.

तेरवीच्या कार्डावर सगळं घर लिहावं लागतं. गेलेल्याचं नाव पहिल्या ओळीत, अगदी कडेला. त्याखाली मुलं-सुना थोडं आत, नातवंडं आणखी आत. कोण कोणाचं ते एका नजरेत दिसलं पाहिजे. एकदा एक नाव चुकून आत सरकलं, तर मोहगावचे एक पाहुणे दुकानात येऊन गरजले, "बाई, मले माह्याच भावाचं पोरगं करून टाकलं का वो?"

ही जागा मी स्पेसबार दाबून सोडायची. मुलगी कॉलेजात असताना एकदा बघत बसली आणि म्हणाली, "आई, तू नावं लिहून राहिली का जागा मोजून राहिली?" आठ दिवसांत तिनं दुकानासाठी प्रोग्राम लिहिला. नावासमोर पिढीचा आकडा टाकायचा, ओळ तेवढी आत जाते. पुढे त्यातला ओळी सरकवण्याचा भाग वेगळा काढून तिनं इंटरनेटवर फुकट ठेवला. त्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या प्रोग्रामचा मजकूर नीट आत-बाहेर दिसावा म्हणून कुठले कुठले लोक ती वापरत. तिचे बाबा तिला चिडवायचे, "लायब्ररी म्हणते, अन् पुस्तक एक नाही!"

"साठ ओळी आहेत बाबा. वाचून दाखवू का?"

तिच्या नावासमोर मी शून्य टाकलं. आम्ही दोघं एक पिढी वरची, म्हणून आमच्यासमोर वजा एक. पडद्यावर आलं, "आई, याच्या मागे जागा नाही. आकडा तपास."

माझ्या हातून चुका होतात म्हणून तिनंच ते लिहून ठेवलं होतं. मी आकडा तपासला. बरोबर होता. गेलेल्याचे आईवडील हयात असतील, हा विचार तिनं केला नव्हता. मीही नव्हता केला.

तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, लायब्ररीत एकच ओळ बदलायची आहे. तिचा पासवर्ड द्या, दोन मिनिटांत करते."

"नको."

"पण काकू, कार्ड..."

"तिनं लिहिलं तसंच राहू दे. हात लावू नको."

हे बाजूला उभे होते. "मंग आता?"

"हातानं करते."

स्पेसबार दाबून तिचं नाव आत घेतलं. खाली आमची दोघांची, कडेला. यांनी कागद हातात घेऊन पाहिला. "हिचं नाव आत दिसून राहिलं."

"ते तसंच येते," मी म्हणाले आणि मशीन चालू केली. मशीन चालू होती तेवढा वेळ रडून घेतलं, कारण ती थांबली की कार्डं घडी घालून बांधायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैत्रिणीला पासवर्ड पाठवला आणि फोन केला.

"ओळ बदल."

"काकू, काल तर नको म्हणालात."

"काल तिचं कार्ड होतं. उद्या दुसरी कोणाची आई येईन. तिच्यासमोर मी स्पेसबार दाबत बसू का?"

मी फोन ठेवला, रामाकोना गावच्या नातेवाइकांना द्यायची कार्डं पिशवीत भरली आणि सातची बस धरली.